थंडीसाठी घर सजवताय? आधी दिवे बदला

नाशिकची ही तुमची पहिलीच थंडी असेल, तर लगेच खरेदीला पळू नका. आधी उजेड बघा. संध्याकाळी पांढरी ट्यूब बंद आणि कोपऱ्यात 2700 केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पिवळसर बल्ब. निम्मं काम तिथेच होतं. मग पलंगाशेजारी, पहाटे गार फरशीवर पहिला पाय पडतो नेमकं तिथे, सतरंजी. सोफ्यावर जुन्या लुगड्यांची गोधडी टाका, धावदोऱ्याचे टाके दिसतील अशी.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- सगळंच गडद आणि रंगीबेरंगी. मी एकदा तीन रंगांच्या सोलापुरी चादरी एकत्र अंथरल्या, हॉलचं पार दुकान झालं!
- दिवसभर ओढलेले जाड पडदे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्या बाजूची खिडकी दुपारी उघडी हवी. दिवेलागणीला पडदे ओढा.

उशा-मेणबत्त्यांचं पुढच्या महिन्यात बघू.