एसटीएल मॉडेलच्या आत मेश का भरत नाही?

प्रश्न : मी यंत्र अभियांत्रिकीचा पदव्युत्तर विद्यार्थी आहे. मांडीच्या हाडाच्या सीटी स्कॅनवरून थ्रीडी स्लायसर या प्रोग्राममध्ये तयार केलेली एसटीएल फाइल माझ्याकडे असून तिच्यात सुमारे चार लाख त्रिकोण आहेत. जीमेश या प्रोग्राममध्ये तिच्यापासून घन मेश, म्हणजे मॉडेलचा आतला भाग छोट्या तुकड्यांनी भरणारी जाळी, करायला गेलो की त्रिकोण एकमेकांवर आल्याचा संदेश येऊन काम थांबते. पडद्यावर मात्र मॉडेल अखंड दिसते. दोष कोठे असावा? एलिमेंट, म्हणजे मेशचे तुकडे, चार नोडचे (बिंदूंचे) घ्यावेत की दहा नोडचे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मॉडेल पडद्यावर अखंड दिसले म्हणजे ते भूमितीच्या दृष्टीने निर्दोष असतेच असे नाही. एसटीएल फाइलमध्ये त्रिकोणांची नुसती यादी असते. बायनरी प्रकारात प्रत्येक त्रिकोणाला ५० बाइट मिळतात; त्यांत लंबदिशेचे तीन आणि तीन शिरोबिंदूंचे नऊ आकडे बसतात, पण कोणता त्रिकोण कोणाला लागून आहे याची नोंद कोठेच नसते. शेजारचे दोन त्रिकोण सामाईक शिरोबिंदूसुद्धा वेगवेगळा लिहितात आणि त्या आकड्यांत सूक्ष्म फरक पडला तरी तेथे फट राहते. म्हणून प्रथम मेशलॅब या प्रोग्राममध्ये जवळचे शिरोबिंदू एकत्र करावेत आणि प्रत्येक कड बरोबर दोनच त्रिकोणांची आहे ना, हे तपासावे. एकाच त्रिकोणाची कड म्हणजे भोक. तीन किंवा अधिक त्रिकोणांची कड म्हणजे बहुधा आत राहून गेलेली भिंत.

आपल्याला आलेला संदेश मात्र त्यापुढच्या दोषाचा, म्हणजे पृष्ठभागाने स्वतःलाच छेदण्याचा आहे. सीटीच्या चित्रांवरून पृष्ठभाग काढणारी पद्धत सहसा असे छेद निर्माण करत नाही. ते नंतर, पृष्ठभाग गुळगुळीत करताना किंवा त्रिकोणांची संख्या घटवताना शिरतात. मांडीच्या हाडात संशयाची पहिली जागा वरच्या टोकाला, डोके आणि मान यांच्या आसपास असते. तेथे बाहेरचे घट्ट हाड इतके पातळ होते की, आपण आतला पृष्ठभागही वेगळा काढला असल्यास, तो आणि बाहेरचा पृष्ठभाग थोड्या सरकण्यानेही एकमेकांत घुसतात. मेशलॅबमध्ये स्वतःला छेदणारे त्रिकोण निवडण्याची सोय आहे. ते निवडून रंगीत ठिपके कोठे उमटतात ते पाहावे, तेवढाच भाग काढून भोक बुजवावे आणि पुन्हा तपासावे. गुळगुळीत करण्यासाठी साधी लाप्लास पद्धत वापरली असेल तर हाड आक्रसते. १९९५ साली मांडली गेलेली टाउबिन पद्धत हे आक्रसणे बऱ्याच अंशी टाळते. कोणतीही पद्धत घेतली तरी आधीचे आणि नंतरचे घनफळ ताडून पाहावे.

पृष्ठभाग निर्दोष झाला तरी तो आहे त्याच शिरोबिंदूंवर चतुष्फलकांनी (चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकारांनी) भरता येईल, याची गणिती हमी नाही. १९२८ साली शोनहार्ट या गणितज्ञांनी सहा शिरोबिंदूंचा असा एक पिळलेला घनाकार दाखवला की, आत नवा बिंदू घातल्याशिवाय त्याचे चतुष्फलकांत विभाजन होतच नाही. टेटजेनसारखे प्रोग्राम असे जादा बिंदू स्वतः घालतात. पण सीमेवरचे त्रिकोण जसेच्या तसे राखायला सांगितले, तर तेथला प्रत्येक चिंचोळा त्रिकोण आतल्या एलिमेंटलाही चिंचोळा करतो. आपले चार लाख त्रिकोण बव्हंशी स्कॅनच्या पायऱ्यांचे आहेत, हाडाच्या आकाराला त्यांची गरज नाही. त्यामुळे पृष्ठभागाची मेश नव्याने, एकसारख्या आकाराची करून मगच आत उतरावे, असा माझा आग्रह आहे. जीमेशमध्ये कोनानुसार पृष्ठभागांचे वर्गीकरण, त्यांवरून भूमिती, मग बंद पृष्ठसमूह आणि शेवटी घन, असा क्रम आहे.

दुरुस्ती हाताबाहेर गेली तर एफटेटवाइल्ड हा प्रोग्राम सदोष त्रिकोणांतूनही घन मेश काढतो, परंतु त्यासाठी तो पृष्ठभागाला ठरावीक मर्यादेत हलवतो. ही मर्यादा मुळात मॉडेलला वेढणाऱ्या चौकटीच्या कर्णाच्या एक हजारांश असते. ४५ सेंटिमीटर लांबीच्या हाडासाठी ती सुमारे ०.४५ मिलिमीटर होते आणि पातळ घट्ट हाडाच्या जागी तेवढा फरक निकाल बदलू शकतो. तेथे मर्यादा कमी करावी, मग वेळ जास्त लागला तरी चालेल.

एलिमेंट दहा नोडचेच घ्यावेत. चार नोडच्या चतुष्फलकात विकृती, म्हणजे स्ट्रेन, सर्वत्र एकच राहते, त्यामुळे वाकणारा भाग प्रत्यक्षापेक्षा ताठ भासतो. आणि हाडाचे डोके मधल्या दांड्याच्या अक्षापासून बाजूला असल्याने भाराखाली मांडीचे हाड वाकतेच. घट्ट हाडाच्या जाडीत असे किमान दोन एलिमेंट बसावेत. जीमेश आपण सांगितल्याशिवाय पहिल्या क्रमाचेच, म्हणजे चार नोडचेच, एलिमेंट देतो, हे ध्यानात ठेवून कॅलक्युलिक्स या गणना करणाऱ्या प्रोग्रामसाठी फाइल काढण्यापूर्वी क्रम दोन करावा. वक्र पृष्ठभागावर सरकलेले मधले नोड एलिमेंट उलटे करू शकतात, म्हणून त्यानंतर जेकोबियन (एलिमेंट उलटा झाला का हे दाखवणारा आकडा) पुन्हा तपासावा. गुणवत्तेची सरासरी पाहून समाधान मानू नये. सर्वांत वाईट एलिमेंट कोणता आणि तो कोठे आहे, हेच पाहायचे असते, कारण एकच उलटा एलिमेंट गणना थांबवतो.

एसटीएलमध्ये एककही नसते. फाइल मिलिमीटरमध्ये असेल तर बल न्यूटनमध्ये आणि स्थितिस्थापकता गुणांक मेगापास्कलमध्ये द्यावा. घट्ट हाडासाठी तो १७,००० च्या आसपास धरतात. भार एकाच नोडवर लावू नये. तेथील प्रतिबल, म्हणजे स्ट्रेस, मेश बारीक करू तसे वाढतच जाते आणि निकाल स्थिरावत नाही. डोक्यावरच्या छोट्या पृष्ठक्षेत्रावर भार वाटून द्यावा आणि प्रतिबल मोजण्यासाठी त्यापासून दूरची जागा निवडावी.