मोठा, पातळ स्लॅब न मोडता कसा कापावा?

प्रश्न : स्वयंपाकघराच्या भिंतीसाठी आम्ही 1200 × 2400 मिलिमीटर आकाराचे आणि 6 मिलिमीटर जाडीचे पोर्सिलेनचे सात स्लॅब आणले. एक जिन्यातून वर नेताना मधोमध मोडला. दुसऱ्यात स्विचबोर्डसाठी चौकोनी भोक पाडले तेव्हा तो शाबूत होता, पण सकाळी पाहिले तर भोकाच्या कोपऱ्यापासून कडेपर्यंत तिरकी चीर गेली होती. मिस्त्रींच्या मते माल कच्चा आहे. उरलेले पाच कसे वाचवावेत?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपण लिहिलेल्या खुणा मालाच्या दोषाच्या नाहीत. पोर्सिलेन सुमारे 1200 अंश सेल्सिअसला भाजलेले असते, अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते आणि दाबाला भक्कम असते. मात्र वाकवले, तर लाकडासारखे लवून सावरत नाही, मोडते. आपल्या एका स्लॅबचे वजन चाळीस किलोच्या आसपास भरेल. दोघांनी तो दोन टोकांना आडवा धरला की मध्यभाग स्वतःच्याच भाराने खाली झुकतो, आणि जिन्यातला एक हिसका त्याला पुरतो. म्हणून स्लॅब काचेसारखा लांब कडेवर उभा धरूनच न्यावा. शक्यतो सक्शन कप लावलेली ॲल्युमिनियमची चौकट भाड्याने आणावी, आणि कप लावण्यापूर्वी पृष्ठभागावरची धूळ ओल्या फडक्याने पुसावी. टेकवताना खाली लाकडी पट्ट्या किंवा रबर असावे. एका कोपऱ्यावर भार देऊन स्लॅब फिरवणे तर कटाक्षाने टाळावे.

दुसऱ्या स्लॅबचा प्रकार अधिक शिकवणारा आहे, कारण तिथे हात कुठे चुकला हे कापताना दिसतच नाही. भट्टीतून निघालेल्या स्लॅबमध्ये थोडा ताण शिल्लक असतो. काटकोनात कापलेल्या आतल्या कोपऱ्यावर तो एकवटतो, आणि ग्राइंडरचे पाते तिथे रेघेच्या पुढे दोन-तीन मिलिमीटर जरी गेले, तरी चिरेला वाट मिळते. ती लगेच उमटेलच असे नाही; आपल्याकडे झाले तशी रात्रभरानेही उमटते. यावर उपाय असा की, आधी चारही कोपऱ्यांवर 6 ते 8 मिलिमीटरच्या डायमंड बिटने गोल भोके पाडावीत. ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देण्याची सोय, बंद ठेवावा, बिट सुरुवातीला किंचित तिरका धरून मग सरळ करावा आणि पाणी सोडत राहावे. त्यानंतर सलग कडेच्या, म्हणजे खाचा नसलेल्या डायमंड ब्लेडने भोकापासून भोकापर्यंत कापावे व पाते भोकातच थांबवावे. गोल राहिलेला कोपरा स्विचबोर्डच्या प्लेटखाली झाकला जातो, म्हणून तो कानसून काटकोनी करण्याचा मोह मिस्त्रींना होऊ देऊ नये. मापात बसत असेल, तर भोक पाडण्यापूर्वी दोन्ही लांब कडांवरून दोन-तीन सेंटिमीटरची पट्टी काढून टाकावी, म्हणजे ताण बराच हलका होतो.

सरळ कापासाठी ग्राइंडरपेक्षा रेल आणि चाकाचा कटर, म्हणजे सरळ पट्टीवरून सरकत रेघ ओढणारे छोटे चाक, बरा. टेबल पूर्ण सपाट हवे, आणि स्लॅबखाली खडीचा एक कणही राहता कामा नये. रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच दमात, सारख्या दाबाने ओढावी. आवाज सलग, खरखरीत आला की रेघ बसली असे समजावे. मध्येच तुटक वाटली म्हणून पुन्हा चाक फिरवू नये, कारण दुहेरी रेघेवर चीर भरकटते. नंतर रेघ टेबलाच्या कडेबाहेर घेऊन मोडण्याच्या पकडीने आधी एका टोकाला आणि मग दुसऱ्या टोकाला बेताने दाब द्यावा. मागे फायबरची जाळी असेल, तर ती शेवटी धारदार चाकूच्या पात्याने कापावी. ग्राइंडर वापरावा लागलाच, तर कोरडा चालवू नये. त्या बारीक धुळीतली सिलिका फुप्फुसांना घातक असते, तेव्हा पाण्याबरोबर योग्य मास्कही हवाच.

उरलेले पाच स्लॅब कापण्याआधी प्रत्येकावरून ओला स्पंज फिरवून तिरप्या उजेडात पाहावे. केसाएवढी चीर असेल, तर पाणी वाळताना ती रेघ ओली राहून उठून दिसते. असा स्लॅब पूर्ण भिंतीला न वापरता त्या चिरेवरूनच दोन भाग करून ओट्यालगतच्या छोट्या तुकड्यांसाठी घ्यावा.