युगांडाला जा, पण पावसाळ्यात नको

डॉक्टर, तुमचं पत्र दोनदा वाचलं. दारव्हा तालुक्यात बारा वर्षांचा दवाखाना, घरात कमावणारे तुम्ही एकटे, एफडीत ९ लाख. जून ते नोव्हेंबर युगांडातल्या एका दवाखान्यात बिनपगारी सेवा द्यायची आहे आणि ती परवडेल का, असं तुम्ही विचारलंय.

तुम्ही हिशेब मांडलाय तो तिकीट, व्हिसा, लस, विमा यांचे १ लाख ४० हजार आणि संस्थेला राहण्या-जेवणाचे महिन्याला २० हजार, एवढाच. खरा खर्च मागे राहणाऱ्या दवाखान्याचा आहे. भाडं, सिस्टर आणि कंपाउंडरचा पगार, वीज मिळून ४२ हजार, घराचा हप्ता ३१ हजार, घरखर्च ३० हजार. म्हणजे महिन्याला १ लाख ३ हजार, सहा महिन्यांचे ६ लाख १८ हजार. त्यात प्रवास आणि मुक्कामाचे २ लाख ६० हजार मिळवले की ९ लाखांतले २२ हजार उरतात. आईंचं वय पाहता ही जोखीम मी तुम्हाला घेऊ देणार नाही.

शिवाय जून ते नोव्हेंबर हाच तुमच्याकडचा गर्दीचा काळ. ताप, साप, फवारणीची विषबाधा. २०१७ साली तुमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने शेतकरी दगावले, ते तुम्ही जवळून पाहिलंय. आणि तुमची उधारी वसूल होते ती कापूस विकल्यावर, दिवाळी ते संक्रांत. वर्षभर उधारीवर तपासलेल्या पेशंटला पैसे द्यायच्या वेळी दवाखान्याला कुलूप दिसलं, तर ती रक्कम बुडाली समजा.

म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल असे तीनच महिने जा. घर-दवाखान्याचे ३ लाख ९ हजार आणि प्रवास-मुक्कामाचे २ लाख धरले, तरी ३ लाख ९१ हजार हातात राहतात. पीजीच्या नीटची तयारी करणारा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी असलेला एखादा एमबीबीएस मिळाला तर त्याला कमाईतल्या हिश्श्यावर बसवा. त्यातून येणारा पैसा मात्र हिशेबात धरू नका. दवाखान्याचं दार उघडं राहिलं, तेवढं पुरे. तुम्ही व्यावसायिकांसाठीच्या अंदाजित उत्पन्नाच्या योजनेखाली आयकर विवरणपत्र भरता, तेव्हा १५ मार्चचा आगाऊ कर निघण्याआधीच भरून टाका.

तिकडच्या खर्चावर ८०जी म्हणून ओळखली जाणारी आयकर सवलत मिळेल हा तुमचा समज चुकीचा आहे. ती नोंदणीकृत भारतीय संस्थांना दिलेल्या देणगीवर मिळते, स्वतःच्या प्रवासावर नाही. इथली आरोग्य पॉलिसी बहुधा परदेशात चालत नाही आणि व्यावसायिक दायित्वाचा विमाही बहुतेक वेळा भारतापुरताच असतो. पेशंट तपासायचे म्हणजे हा मुद्दा प्रवास विम्याइतकाच मोठा. तुमच्या टर्म इन्शुरन्स कंपनीलाही आधी लेखी कळवा. पीतज्वराची (यलो फीव्हर) लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी हवी. प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर विलगीकरणात जावं लागतं, हे तुम्हाला सांगायला नकोच.

सेवा घेणारी प्रत्येक संस्था डॉक्टरकडून पैसे घेत नाही. काही संस्था तिकीट, विमा आणि थोडं मानधनही देतात. म्हणून तिकीट काढण्याआधी या संस्थेला लेखी विचारा: २० हजार कशाला लागतात, तिथल्या मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी कोण करून देणार, आणि उपचारात काही चुकलं तर जबाबदारी कोणाची. उत्तर आलं की मला पाठवा, मग कुठली एफडी मोडायची ते ठरवू.