"मला काही होत नाही"

"बाप झालास ना, आता तरी हे सोड." जवानाची बायको असो की फायरमनची आई, हे वाक्य समुपदेशक म्हणून माझ्याकडे फिरून फिरून येतं. नाशिकजवळच्या मखमलाबादकडून आलेल्या कुटुंबाचंही तेच. (ओळखीचे तपशील बदललेत.) नवरा सर्पमित्र. पावसाळ्यात द्राक्षबागांतून, बंगल्यांच्या आवारातून रात्री-अपरात्री कॉल. नऊ वर्षांच्या लेकीचं पोट दुखायचं. तपासण्यांत काही निघत नव्हतं. बाबांचा फोन वाजला की दुखतं, हे आईच्या बोलता बोलता समजलं.

वडिलांचा देव म्हणजे टीव्हीवर मगरी-साप हाताळणारा ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह आयर्विन. "तो दोन लेकरांचा बाप होताच की!"
आई फटकन म्हणाली, "हो, २००४ मध्ये महिन्याचं बाळ काखेत धरून मगरीला खायला घालणारा!"

वाद मोठ्यांचा रंगला की खरी गोष्ट लहानांकडे असते, असं माझं वर्षानुवर्षांचं मत. मी मुलीला विचारलं, "बाबा जाताना काय सांगतात गं?"
"मला काही होत नाही, म्हणतात." पेनचं टोपण काढत-घालत ती पुढे म्हणाली, "स्टीव्हलापण काही होत नव्हतं. मग स्टिंगरे माशाचा काटा छातीत घुसला आणि तो गेला. तेव्हा त्याची मुलगी बिंदी आठ वर्षांची होती."

वडील गप्प. धीर म्हणून दिलेलं वाक्य पोरीनं केव्हाच खोटं ठरवलं होतं, आणि तिची भीती बोलायला घरात जागाच उरली नव्हती. मुलांना धोका पेलतो. थाप पेलत नाही.

मग धोका काय आणि काळजी काय घेतात, हे मी वडिलांना लेकीला नेमकं सांगायला लावलं. नाग, घोणस, मण्यार, फुरसं, या चौघांच्याही विषावर चालणारं प्रतिविषाचं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मिळतं. हूक, पाइप-पिशवी, गमबूट, सोबतीला एक जण. पोरगी मध्येच म्हणाली, "मग रीलमध्ये हातात का धरता?"

याला उत्तर नव्हतं. साप वाचवायला जीव धोक्यात घालणं मी समजू शकते, लाइक्ससाठी नाही. शिवाय सापांशी असला खेळ कायद्यातही बसत नाही. मी स्पष्टच सांगितलं, बापपणाशी वैर आहे ते या दिखाव्याचं, कामाचं नाही. रील बंद झाले. साप पिशवीत गेला की घरी मेसेज, हे ठरलं. पोटदुखी हळूहळू कमी झाली.

आईला हे काम अजूनही पटलेलं नाही. पटवून घ्या, असं मी तिला म्हटलंही नाही. नवऱ्याला मात्र अपघात विमा काढायला लावला.