पावत्या तुमच्या, घर कोणाचं?

प्रश्न : दहिसर गावठाणातलं बैठं घर माझ्या अविवाहित काकांनी स्वतः विकत घेतलेलं. मृत्युपत्र न करताच ते २०१४ मध्ये वारले. आजी-आजोबा त्याआधीच गेले होते. माझे वडील २०१९ मध्ये गेले. आता आई, लग्न झालेली ताई आणि मी आहोत. काकांनंतर घरपट्टी मीच भरतो. घर बंद आहे, कौलं खाली आलीत. मागच्या पडवीत शेजारी २०१७ पासून न विचारता मांडवाचे बांबू ठेवतो. आत्या चिपळूणला दिलेली, तिने कधी लक्ष घातलं नाही. घर माझ्या नावावर कसं होईल?

उत्तर : घरपट्टीच्या पावत्यांची फाइल घेऊन येणारे तुम्ही पहिले नाही. पण कर भरल्याने मालकी येत नाही. काका गेले त्या दिवशी कोण हयात होतं, यावर सगळं ठरतं. बायको, मुलं, आई, वडील यांपैकी कोणीच नव्हतं, म्हणून हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ नुसार घर भावाला आणि बहिणीला निम्मं-निम्मं गेलं. पुतण्याचा नंबर त्यांच्यानंतर लागतो. म्हणजे काकांकडून तुम्हाला थेट काहीच आलं नाही. आलं ते वडिलांकडून : त्यांच्या निम्म्याचे आई, ताई आणि तुम्ही असे तीन वाटे. तुमचा हिस्सा एक षष्ठांश, आणि जिने ‘लक्ष घातलं नाही’ त्या आत्याचा तीन षष्ठांश! तिचं लग्न झालं किंवा ती घराकडे फिरकली नाही, म्हणून तो कमी होत नाही.

तेव्हा वकिलाच्या नोटिशीआधी चिपळूणची गाडी पकडा. सगळे राजी असतील तर आधी नगर भूमापन कार्यालयात मालमत्ता पत्रकावर सर्व वारसांची नोंद करून घ्या. मग ज्यांना हिस्सा सोडायचा असेल त्यांनी तुमच्या नावे हक्कसोडपत्र करावं. ते नोंदणीकृतच हवं. साध्या स्टँपपेपरवरच्या ‘ना हरकत’ने हक्क सुटत नाही. आत्या नाही म्हणाली, तर वाटपाचा दावा हाच मार्ग.

बांबूंचं मात्र लांबवू नका. नुसतं सामान ठेवून कोणी मालक होत नाही, पण उघडपणे, मालकी सांगत १२ वर्षं कब्जा चालला तर तुमचा दावा मुदतबाह्य ठरू शकतो. २०१७ पासून मोजलं तर २०२९. नोटीस पाठवल्याने ही मुदत थांबत नाही, दावा दाखल करावा लागतो. तो इतर वारसांसाठी म्हणून तुम्ही एकटेही करू शकता.

आणि हो, त्या पावत्या फेकू नका. वाटप होईल तेव्हा बाकीच्यांच्या हिश्शाचा तुम्ही भरलेला कर हिशोबात मागता येतो.