पीएस५ डिस्कवाला घ्यावा की डिजिटल? डिस्क तर बंदच होणार आहेत ना?

तुम्ही लिहिलंय की पहिलाच पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल) घेताय, घरी नागपुरात धरमपेठेत चांगलं फायबर इंटरनेट आहे, आणि मित्र म्हणतात की सीडीचा जमाना गेला, ड्राइव्हला जास्तीचे पैसे कशाला. (ड्राइव्ह म्हणजे डिस्क घालायची जागा; डिजिटलमध्ये ती नसते, गेम फक्त डाउनलोड करायचे.) माझं मत विचाराल तर ड्राइव्हवालाच घ्या.

आधी हिशोब. २०२४ च्या एप्रिलमध्ये पीएस५ स्लिम, म्हणजे त्याचं बारीक मॉडेल, भारतात आला तेव्हा ड्राइव्हवाला ५४,९९० ला होता आणि डिजिटल ४४,९९० ला. म्हणजे सरळ दहा हजारांचा फरक. पण मोठा नवा गेम पाच हजारांच्या आसपास येतो. तो डिजिटल घेतला की ते पैसे कायमचे गेले, आवडो न आवडो. तोच डिस्कवर घेतला, महिनाभरात संपवला आणि चांगल्या अवस्थेत विकला, तर मला आजवर निम्म्याच्या वरच पैसे परत मिळालेत. चार-पाच गेममध्ये ड्राइव्ह वसूल होतो. सेकंड हँड घेणारे असाल तर त्याच्याही आधी.

पण खरं सांगू का, मी पैशासाठी हे लिहीत नाहीये.

मी नागपूरच्याच महाल भागातला. लहानपणी आमच्याकडे टीव्हीला जोडायचा साधा व्हिडिओ गेम होता, त्यात पिवळ्या-काळ्या कॅसेट लागायच्या. पुढे कॉपी गेम चालावेत म्हणून चिप मारलेल्या पीएस२ चे दिवस आले. कॉपी सीडी स्वस्त मिळायच्या आणि आम्ही सगळे त्याच वापरायचो, ते लपवण्यात अर्थ नाही. ओरिजिनल डिस्क हातात आली ती पीएस३ वर. तिची किंमत एकट्याला झेपणारी नव्हती, म्हणून आम्ही चौघांनी वर्गणी काढली. उन्हाळ्याच्या सुट्ट्या, बाहेर ४५ अंश, दुपारी रस्त्यावर कुत्रंही नाही आणि घरात कूलरचा आवाज. ती एक डिस्क चार घरांत फिरायची, प्रत्येकाकडे आठ-आठ दिवस. ज्याच्याकडे असेल त्याच्या घरी बाकीचे तिघे जाऊन बसायचे, आणि काकू सगळ्यांना पन्हं द्यायच्या.

बर्डीत एक छोटं दुकान होतं, तिथे गेम बदलून मिळायचे. दुकानवाले भाऊ डिस्क अंगठा आणि मधल्या बोटाच्या मध्ये धरायचे, ट्यूबलाइटखाली हळूहळू तिरपी करायचे आणि मागच्या बाजूवरून प्रकाश कसा सरकतो ते बघायचे. मधून बाहेर जाणारी रेघ असेल तर काही बोलायचे नाहीत. पण गोल फिरणारी रेघ दिसली की शंभर रुपये कमी. ते सांगायचे की डिस्क पुसायची तर मऊ कापडाने, मधून कडेकडे, गोल गोल कधीच नाही. मग जाडजूड रजिस्टर निघायचं : नाव, गेम, तारीख, वरचे पैसे. मी तिथे इतके गेम बदलले की कुठला गेम आधी कोणाकडे होता तेसुद्धा कळायचं. ते दुकान आता मोबाइलची कव्हरं विकतं.

हे का झालं, त्यात गूढ काही नाही. २०१६ नंतर आपल्याकडे डेटा स्वस्त झाला, लोकांना घरबसल्या गेम मिळू लागला. सोय आहे, मीही काही गेम तसे घेतलेत. दुसरीकडे, सेकंड हँड विक्रीतून कंपनीला एक रुपया मिळत नाही. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सबॉक्स वन कन्सोलसाठी नियम आणले होते, कन्सोल दर २४ तासांनी इंटरनेटला जोडायचा आणि जुने गेम विकायला, उसने द्यायला बंधनं. लोक इतके भडकले की जूनमध्येच कंपनीला ते मागे घ्यावे लागले. पण तेव्हा एका झटक्यात जमलं नाही ते पुढे हळूहळू झालं. २०२० च्या एक्सबॉक्स सिरीज एस मध्ये ड्राइव्हच नाही. २०२४ च्या पीएस५ प्रो मध्ये ड्राइव्ह वेगळा विकत घ्यावा लागतो. सोनीच्या पूर्ण गेमच्या विक्रीत आता जवळपास तीन-चतुर्थांश डिजिटल असतात. ‘ॲलन वेक २’ हा गेम २०२३ मध्ये आला तेव्हा डिस्कच नव्हती, ती वर्षभराने निघाली. या वेळी रस्त्यावर कोणी उतरलं नाही, कारण प्रत्येक पायरी छोटी होती.

आणि कंपनीचं ऑनलाइन दुकानच बंद झालं तर? निन्टेंडोने वी यू आणि थ्रीडीएस या आपल्या जुन्या कन्सोलचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद केलं, एक्सबॉक्स ३६० चं जुलै २०२४ मध्ये बंद झालं. तिथे आधी घेतलेलं पुन्हा उतरवता येतं, पण नवीन काही विकत घेता येत नाही. माझ्या कपाटातली पीएस३ ची डिस्क आजही लागते.

आता एक गोष्ट जपून. डिस्क आहे म्हणजे गेम तुमच्याकडे आहे असं धरून चालू नका. २०२२ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २’ च्या पीएस५ डिस्कवर जेमतेम ७० एमबी डेटा होता, बाकी सगळं डाउनलोड. निन्टेंडोच्या स्विच २ कन्सोलच्या ‘गेम-की कार्ड’ मध्ये गेम नसतो, फक्त तो उतरवायची परवानगी असते, कार्ड मात्र खेळताना लावूनच ठेवावं लागतं. (तरीही ते दुसऱ्याला देता येतं, म्हणून मी त्याला अगदीच टाकाऊ म्हणणार नाही.) ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर तो काढणाऱ्या युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला बंद केले आणि ज्यांनी डिस्क घेतली होती त्यांचाही गेम गेला, कारण तो ऑनलाइनशिवाय चालतच नव्हता. म्हणून एकट्याने खेळायचे, कथेचे गेम डिस्कवर घ्या. फक्त ऑनलाइन खेळायचे असतील तर डिजिटल घेतलंत तरी फरक पडत नाही. बॉक्सच्या मागचा बारीक मजकूर वाचा, डाउनलोड लागेल असं लिहिलेलं असतं. आणि शक्य असेल तर इंटरनेट बंद करून गेम सुरू होतो का ते पहिल्याच दिवशी तपासा.

स्लिमचा ड्राइव्ह काढता-घालता येतो. वेगळा घेऊन बसवलात तर पहिल्यांदा इंटरनेटवरून कन्सोलशी जोडून घ्यावा लागतो, एवढं लक्षात ठेवा. मी स्वतः तसं केलं नसतं. पुढे ड्राइव्ह मिळेल की नाही या भरवशावर राहण्यापेक्षा आत्ताच बसलेला घ्या.

उन्हाळ्यात घेणार असाल तर डिस्क गाडीच्या डिकीत ठेवून कुठे थांबू नका. माझ्या हातून एक तशी वाकली, ती चौघांची होती.