सबमर्सिबल मोटर रिवाइंडिंगचे दर आणि ऑफर व्हॉट्सअ‍ॅप-फेसबुकवर टाकावेत का? (दुकान रावेरला)

टाका, पण सगळे नाही. मोटर तपासणी, केबल जॉइंट, बोअरमधून काढणं-सोडणं (फुटावर) यांचे आकडे बिनधास्त लिहा. रिवाइंडिंगचा (मोटरची जळालेली तार काढून नवी गुंडाळण्याचा) मात्र एकच ठोक आकडा नको. ५ एचपीची मोटर उघडल्याशिवाय बुश, थ्रस्ट बेअरिंग (आतले झिजणारे भाग) किती घासलंय ते कळत नाही, आणि तांब्याचा भाव तर रोज हलतो. म्हणून ‘मजुरी एचपीप्रमाणे इतकी, तार, बुश, सील वेगळं’ असं लिहा आणि खाली तारीख घाला. नाहीतर एप्रिलमध्ये केळीचा बागायतदार जानेवारीची पोस्ट दाखवतो. बाग सुकत असताना त्याच्याशी घासाघीस काय करणार?

सवलत मजुरीवरच द्या, मटेरियलवर दिलीत तर घरचे पैसे जातात. तीही पावसाळ्यात, उन्हाळ्यात काम असंही अंगावर येतं. अट आणि शेवटची तारीख ऑफरच्या शेजारीच, त्याच अक्षरात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर कारवाईची तरतूद आहे. जीएसटी नोंदणी असेल तर दरात कर धरलाय की वेगळा, तेही सांगा.

वॉरंटी लिहिणार असाल तर विजेच्या तीनपैकी एक फेज गेल्यामुळे किंवा पाण्याविना कोरडी चालून जळालेली मोटर त्यात नाही, हे पोस्टमध्येच टाका. निम्मी भांडणं त्यावरूनच होतात.